स्वीडनमधले इराणी आणि चिलियन : आधी आगमनाचे साल विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेशात स्थायिक झालेल्या दोन समाजांची तुलना करणारे तक्ते हल्ली वरचेवर छापून येतात. एका रकान्यात देश, दुसऱ्यात सरासरी उत्पन्न किंवा कामावर असलेल्यांची टक्केवारी, आणि खाली निकाल: अमके पुढे गेले, तमके मागे राहिले. इराणी आणि चिलियन स्थलांतरितांची तुलनाही अशीच होते. तिच्यासाठी स्वीडन हा देश सर्वांत सोयीचा आहे. दोन्ही समाज तिथे दडपशाहीतून सुटून आले, दोन्ही संख्येने मोठे आहेत आणि स्वीडनची सरकारी सांख्यिकी संस्था एससीबी प्रत्येक रहिवाशाचा जन्मदेश नोंदवून ठेवते. इतकी चांगली सामग्री हाताशी असूनही निष्कर्ष चुकीचे निघतात, याची आम्हाला फार खंत वाटते. म्हणून हे सविस्तर पत्र.

शिक्षण मोजले तर इराणी पुढे. नोकरी मोजली तर बराच काळ चिलियन पुढे. मुलांच्या पिढीचे विद्यापीठशिक्षण मोजले तर पुन्हा इराणी पुढे, आणि तेही मोठ्या फरकाने. तिन्ही विधाने खरी आहेत. त्यांतले एकच उचलून एका समाजाला शाबासकी आणि दुसऱ्याला दूषण देणे हा अन्याय आहे. या तिन्ही फरकांच्या मुळाशी मुख्यतः एकच गोष्ट आहे: कोण, कोणत्या साली आणि कोणत्या व्यवस्थेतून आत आला.

चिलीपासून सुरुवात करू. ११ सप्टेंबर १९७३ रोजी लष्कराने समाजवादी राष्ट्राध्यक्ष अय्येंदे यांचे सरकार उलथवले. सांतियागोमधले स्वीडनचे राजदूत हाराल्ड एडेलस्टाम यांनी अनेकांना आश्रय देऊन देशाबाहेर काढले आणि डिसेंबरमध्ये त्यांचीच हकालपट्टी झाली. त्यानंतर स्वीडनमध्ये आलेले पहिले चिलियन हे पक्षकार्यकर्ते, कामगार संघटनांतले लोक, विद्यार्थी, शिक्षक असे होते. त्यांच्या आगमनाची एक बाजू तक्त्यात कधीच दिसत नाही. त्या काळी निर्वासितांची जबाबदारी स्वीडनच्या श्रमबाजार मंडळाकडे होती. माणूस आला की त्याला भाषा शिकवायची आणि कामाला लावायचे, हीच त्या खात्याची रोजची कामगिरी. १९७३ पासून अमलात आलेल्या कायद्याने नोकरीत असलेल्या परदेशी कामगाराला २४० तास स्वीडिश शिकण्याचा हक्क दिला होता, तोही पगार चालू ठेवून आणि मालकाच्या खर्चाने. कारखान्यात लागलेला चिलियन शिक्षक दुपारी यंत्रावरून उठून वर्गात जाऊन बसू शकत होता. त्याची पदवी वाया गेली असेल, पण भाषा, पगार आणि पेन्शनची वर्षे तिन्ही पहिल्या दोन वर्षांत सुरू झाली.

आता इराण. १९७९ ची क्रांती, १९८० ते १९८३ या काळात बंद ठेवलेली विद्यापीठे, आणि सप्टेंबर १९८० पासून ऑगस्ट १९८८ पर्यंत चाललेले इराकबरोबरचे युद्ध. स्वीडनमध्ये आलेल्या इराण्यांचा मोठा लोंढा १९८४ नंतरचा आहे. त्यात डाव्या चळवळीतले लोक होते, सैन्यभरती टाळून निघालेले तरुण होते, बहाई होते, कुर्द होते, आणि शिक्षण मध्येच तुटलेले असंख्य विद्यार्थी होते. हा शेवटचा गट फार महत्त्वाचा आहे. बाविसाव्या-पंचविसाव्या वर्षी अर्धवट पदवी घेऊन आलेल्या माणसासमोर स्वीडनमध्ये शुल्क नसलेले विद्यापीठ आणि सरकारी विद्यार्थी-कर्ज असे दोन्ही उपलब्ध होते. पुढे इराण्यांच्या शिक्षणाची पातळी इतकी उंच दिसते, त्यातला बराच भाग असा स्वीडनमध्येच पूर्ण झालेला आहे. ‘उच्चशिक्षित आले’ असे म्हणताना ‘अर्धे शिकून आले आणि इथे शिकले’ हेही सांगितले पाहिजे.

पण ते आले तेव्हा व्यवस्था बदललेली होती. १ जानेवारी १९८५ पासून निर्वासितांचा कारभार श्रमबाजार मंडळाकडून काढून स्थलांतर खात्याकडे आणि नगरपालिकांकडे दिला गेला. ‘संपूर्ण स्वीडन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या धोरणाखाली निर्वासितांना देशभर वाटण्यात आले. १९८९ मध्ये २८४ पैकी २७७ नगरपालिका त्यांना सामावून घेत होत्या. घर कुठे रिकामे आहे ते पाहून माणूस पाठवला जाई, आणि घरे रिकामी असत ती नोकऱ्या आटलेल्या गावांत. अर्जाचा निकाल लागेपर्यंत काम करायला बंदी होती. ती १९९२ मध्ये सैल झाली. म्हणजे १९८७ साली आलेला इराणी अभियंता आधी छावणीत थांबला, मग लहान गावात सामाजिक साहाय्यावर राहिला, मग भाषा शिकला. तो नोकरी शोधायला मोठ्या शहराकडे वळला तेव्हा १९९१-९२ उजाडले होते.

आणि त्याच वेळी स्वीडनची अर्थव्यवस्था कोसळली. १९९१ पासून सलग ३ वर्षे राष्ट्रीय उत्पन्न घटले. सप्टेंबर १९९२ मध्ये स्वीडनचे चलन क्रोना वाचवण्यासाठी मध्यवर्ती बँकेने आपला एक व्याजदर ५०० टक्क्यांवर नेला. बेरोजगारी २ टक्क्यांच्या आतून ३ वर्षांत ८ टक्क्यांच्या पुढे गेली. ज्यांच्याकडे पंधरा वर्षांची नोकरी होती ते टिकले, कारण तिथल्या नोकरीसुरक्षा कायद्याची ढोबळ रीत ‘शेवटी आलेला आधी जाईल’ अशी आहे. इराणी हे शेवटी आलेलेच होते. अभियंते टॅक्सी चालवताना आणि पिझ्झाची दुकाने टाकताना दिसू लागले ते या वर्षांत. त्याचा इराणी स्वभावाशी काही संबंध नाही.

इथे एक खबरदारी घ्यायला हवी. ‘चिलियन सत्तरच्या दशकात आले, इराणी ऐंशीच्या’ हे वाक्य ऐकायला सोपे आहे, पण अर्धेच खरे आहे. चिलीत जन्मलेले लोक स्वीडनमध्ये १९८० साली सुमारे ८,२५० होते आणि १९९० साली सुमारे २७,६००. म्हणजे बहुसंख्य चिलियनही ऐंशीच्याच दशकात आले. या दुसऱ्या लाटेचे स्वरूप वेगळे होते. १९८२ मध्ये चिलीची अर्थव्यवस्था एका वर्षात दहा टक्क्यांहून अधिक आक्रसली, बेकारी भडकली, आणि नंतरच्या वर्षांत आलेल्यांत कामगार वस्त्यांतले, कमी शिकलेले लोक अधिक होते. अखेर १३ डिसेंबर १९८९ रोजी स्वीडन सरकारने आश्रयाचे नियम एकदम कडक केले. १९७४ चा चिलियन आणि १९८८ चा चिलियन यांना एका सरासरीत घातले की जो माणूस तयार होतो तो प्रत्यक्षात कुठेच राहत नाही. इराण्यांचे आकडे याच मापाने पाहा: १९८० साली सुमारे ३,३५०, १९९० साली सुमारे ४०,१००.

याचा सरासरीवर काय परिणाम होतो ते उदाहरणाने दाखवतो, कारण सगळी गफलत इथेच होते. वरच्या आकड्यांवरून ढोबळमानाने धरू, की १९९० मध्ये चिलियनांपैकी ३० टक्के दहा वर्षांहून जुने होते आणि इराण्यांपैकी फक्त ८ टक्के. नोकरीची टक्केवारी मात्र निव्वळ समजुतीसाठी आम्ही गृहीत धरतो आहोत. समजा जुन्या चिलियनांपैकी ८० टक्के कामावर आहेत आणि जुन्या इराण्यांपैकी ८२. नव्या चिलियनांपैकी ५६ आणि नव्या इराण्यांपैकी ५८. दोन्ही गटांत इराणी दोन टक्के पुढे आहेत. आता एकत्र सरासरी काढा. चिलियन: ८० चे ३० टक्के म्हणजे २४, अधिक ५६ चे ७० टक्के म्हणजे ३९.२, एकूण ६३.२. इराणी: ८२ चे ८ टक्के म्हणजे ६.५६, अधिक ५८ चे ९२ टक्के म्हणजे ५३.३६, एकूण ५९.९. जो समाज दोन्ही गटांत पुढे होता तो तक्त्यात तीन टक्क्यांहून अधिक मागे पडला. बेरीज बरोबर आहे, भागाकार बरोबर आहे, तरी निष्कर्ष उलटा.

दुरुस्ती अवघड नाही. दोन्ही समाजांना एकच मिश्रण लावायचे, उदाहरणार्थ २० टक्के जुने आणि ८० टक्के नवे. मग चिलियन ६०.८ येतात आणि इराणी ६२.८. याला प्रमाणीकरण म्हणतात आणि ते कागदावर पाच मिनिटांत होते. वयासाठीही हेच करावे लागते, कारण पन्नाशीतल्या आणि तिशीतल्या माणसांची कमाई मुळातच वेगळी असते. प्रमाणीकरणासाठी कोणते मिश्रण घेतले ते मात्र लिहायला हवे, नाहीतर वाचकाला पडताळता येत नाही.

प्रत्यक्षात साल जुळवल्यावर अंतर कमी होते, पण नव्वदच्या दशकापुरते ते पूर्ण मिटत नाही. उरलेल्या अंतरात नावाचा वाटा आहे. माग्नुस कार्लसन आणि डान-ओलोफ रूथ यांनी स्वीडनमध्ये एकसारख्या पात्रतेचे अर्ज पाठवले, काहींवर स्वीडिश नाव आणि काहींवर मध्यपूर्वेतले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात स्वीडिश नावाला मुलाखतीची बोलावणी सुमारे दीडपट आली. वापरलेली नावे अरबी धाटणीची होती, पण अर्ज चाळणारा माणूस अरबी आणि फारसी नावात भेद करत बसत नाही. स्पॅनिश आडनावाच्या वाट्याला हा संशय त्याच तीव्रतेने येतो असे या प्रयोगावरून म्हणता येत नाही, म्हणून चिलियनांना हाच आकडा चिकटवू नये.

पदवीची मान्यता हे दुसरे कारण. युरोपीय संघाबाहेर शिकलेल्या डॉक्टरला आज स्वीडनमध्ये परवाना हवा असेल तर आरोग्य खात्याकडून आधी शिक्षणाची छाननी, मग वरच्या पातळीचे स्वीडिश, मग लेखी व प्रात्यक्षिक ज्ञानचाचणी, कायद्याचा अभ्यासक्रम आणि ३ महिने देखरेखीखाली सेवा असा मार्ग आहे. यात वर्षे जातात. त्या वर्षांत तो माणूस वृद्धाश्रमात मदतनीस म्हणून काम करत असला तर तक्त्यात तो ‘कमी उत्पन्नाचा इराणी’ म्हणून येतो, आणि परवाना मिळाल्यावर एकदम वरच्या स्तरात उडी घेतो. एका वर्षाचे उत्पन्न पाहून अशा समाजाची पत ठरवणे म्हणजे जिना चढत असलेल्या माणसाची उंची मोजण्यासारखे आहे. कारखान्यात आणि सफाईच्या कामात लागलेल्या चिलियनांची रेषा याउलट सपाट असते: सुरुवात लवकर, वाढ थोडी. दोन्ही रेषा कोणत्या वर्षी एकमेकींना छेदतात ते पाहिल्याशिवाय ‘कोण पुढे’ याला अर्थ नाही.

आता नोंदवहीकडे वळू. स्वीडनमध्ये वंश किंवा मातृभाषा यांची नोंद लोकसंख्या नोंदवहीत होत नाही. जन्मदेश आणि नागरिकत्व यांची होते. त्यामुळे ‘इराणी’ या ओळीत फारसी भाषिक, अझेरी, कुर्द, आर्मेनियन सगळे एकत्र येतात. एवढेच असते तर हरकत नव्हती. पण २०१५ च्या सुमारास आलेल्या अफगाण निर्वासितांपैकी अनेकांचा जन्म इराणमध्ये झालेला होता. जन्मदेश धरला तर ते इराणच्या ओळीत मोजले जातात. त्यांचे शिक्षण, त्यांची कागदपत्रे, इराणमधले त्यांचे स्थान, काहीच इराणी मध्यमवर्गाशी जुळत नाही. उपाय एकच: जन्मदेश आणि स्वीडनमध्ये येतानाचे नागरिकत्व या दोन्ही रकान्यांची एकत्र चाळणी लावायची.

चिलीच्या ओळीतही एक गट दडलेला आहे. सत्तर ते नव्वदच्या दशकांत चिलीतून सुमारे दोन हजार मुले स्वीडिश कुटुंबांत दत्तक गेली. नोंदवहीत त्यांचा जन्मदेश चिली. ती स्वीडिश घरात, स्वीडिश आडनावाने, स्वीडिश भाषेत वाढली. चिलीत जन्मलेले एकूण लोक सुमारे २८ हजार धरले तर हा गट सात टक्क्यांच्या आसपास भरतो, आणि ठरावीक वयोगटांत त्याहून बराच जास्त. यांना न वगळता ‘चिलियन तरुणांचे उत्पन्न’ काढले तर तो आकडा चिलियन समाजाचा राहत नाही. वगळायचे कसे? दत्तक नोंद मिळत असेल तर ती वापरायची. नसेल तर वयाच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत आलेले आणि ज्यांचे दोन्ही नोंदलेले पालक स्वीडनमध्ये जन्मलेले आहेत, असे लोक बाजूला काढायचे.

नागरिकत्वावरून मोजणी करण्याचा मोह तर टाळायलाच हवा. स्वीडनमध्ये साधारण ५ वर्षांच्या आणि निर्वासितांना ४ वर्षांच्या वास्तव्यानंतर नागरिकत्व मिळू शकत असे, आणि १ जुलै २००१ पासून दुहेरी नागरिकत्वही मान्य झाले. ऐंशीच्या दशकात आलेले बहुतेक इराणी केव्हाच स्वीडिश नागरिक झाले. ‘इराणी नागरिक’ एवढेच मोजले तर उरतात ते मुख्यतः अलीकडे आलेले. त्यांची नोकरीची टक्केवारी कमी असणारच.

अलीकडे आलेल्यांतही पुन्हा भेद आहे. २०११ च्या शरदापर्यंत स्वीडिश विद्यापीठे युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांनाही मोफत होती, आणि इराणमधून पदव्युत्तर शिक्षणासाठी येणाऱ्यांची संख्या मोठी होती. डिसेंबर २००८ मध्ये कामासाठी स्थलांतराचा कायदाही मोकळा झाला. त्यामुळे आज ‘इराणमध्ये जन्मलेले ८० हजारांहून अधिक’ म्हणताना १९८७ चा निर्वासित, त्याने नंतर बोलावलेली पत्नी, २००९ ची अभियांत्रिकीची विद्यार्थिनी आणि २०१५ चा अफगाण तरुण एकाच आकड्यात बसलेले असतात. चिलीच्या बाजूला अशी नवी लाट जवळजवळ नाही. लोकशाही परतल्यावर, मार्च १९९० नंतर, काही चिलियन मायदेशी गेले. २००० साली स्वीडनमधली त्यांची संख्या १९९० पेक्षा किंचित कमीच होती. जे परत गेले ते तक्त्यातूनही गेले. उरलेल्यांवरून ‘स्वीडनमध्ये आलेले चिलियन कसे निघाले’ हे सांगता येत नाही, कारण गेलेले आणि उरलेले एकसारखे असतील असे धरायला काही आधार नाही. इराण्यांना असा परतीचा रस्ता फारसा उघडा नव्हता.

उत्पन्नाच्या रकान्यात आणखी एक खाच आहे: माणशी की कुटुंबामागे? एससीबी कुटुंबाचे हातात येणारे उत्पन्न ‘उपभोग एककां’नी भागते. एकट्या प्रौढाला १, जोडप्याला मिळून १.५१, घरात आणखी प्रौढ असेल तर ०.६०, पहिल्या मुलाला ०.५२ आणि त्यापुढच्या प्रत्येक मुलाला ०.४२. दोन मुलांच्या जोडप्याचे करानंतरचे उत्पन्न वर्षाला ६ लाख क्रोना असेल तर १.५१ अधिक ०.५२ अधिक ०.४२ म्हणजे २.४५ ने भागायचे. येतात सुमारे २ लाख ४५ हजार. शेजारी एकटा राहणारा, २ लाख ६० हजार मिळवणारा माणूस या मापाने त्या कुटुंबाच्या वर बसतो. कुटुंबांचा आकार दोन्ही समाजांत सारखा नाही, आजी-आजोबा सोबत राहण्याचे प्रमाण सारखे नाही. माणशी पगाराचा आकडा एका समाजासाठी आणि एककावर काढलेला दुसऱ्यासाठी वापरला, असेही तक्ते आम्ही पाहिले आहेत. आणि धंदा करणाऱ्यांचे उत्पन्न म्हणजे करविवरणातला नफा असतो, पगार नव्हे. स्वयंरोजगार इराण्यांत अधिक असल्याने या फरकाचा भार त्यांच्यावर जास्त पडतो.

नोकरीच्या टक्केवारीत वयाची मर्यादा पाहा. १६ ते ६४ घेतली की विद्यार्थी भाजकात येतात. ज्या समाजाची मुले जास्त शिकतात त्याची टक्केवारी खाली दिसते, शिकण्याचीच शिक्षा! २५ ते ६४ घ्यावी, आणि तरीही पंचविशीनंतर शिकणाऱ्यांना वेगळे दाखवावे. इराणी स्त्रियांच्या बाबतीत हा फरक विशेष जाणवतो, कारण त्यांतल्या अनेकींनी तिशीत शिक्षण पुन्हा सुरू केले.

मुलांच्या पिढीबद्दल लिहिताना व्याख्या आधी वाचावी. एससीबीच्या २००२ पासूनच्या व्याख्येनुसार स्वीडनमध्ये जन्मलेल्या मुलाचे दोन्ही पालक परदेशात जन्मलेले असतील तरच ते ‘परदेशी पार्श्वभूमीचे’. एक पालक स्वीडनचा असेल तर मूल स्वीडिश पार्श्वभूमीच्या रकान्यात जाते. मिश्र विवाहातली मुले अशी गळतात, आणि ज्या समाजात मिश्र विवाह जास्त, त्याची दुसरी पिढी कागदावर जास्त आक्रसते. हे ध्यानात घेऊनही इराणी मुलांची विद्यापीठाकडे जाण्याची ओढ ठसठशीत आहे: पालकांचे उत्पन्न कमी असतानाही ती स्वीडिश पालकांच्या मुलांच्या बरोबरीने किंवा पुढे जातात. कारण पालकांचे शिक्षण. टॅक्सी चालवणारा अभियंता घरी अभियंताच असतो. मुलाची गणिताची वही तोच तपासतो. चिलियन घरांत, विशेषतः दुसऱ्या लाटेतल्या, उत्पन्न आणि शिक्षण एकमेकांशी जुळलेले होते, आणि मुलांचा कल लवकर कामाला लागण्याकडे राहिला. २०२२ च्या मंत्रिमंडळात रोमिना पूरमोख्तारी आणि पारिसा लिलिएस्ट्रांड या इराणी मुळाच्या दोघी होत्या, डाव्या पक्षाच्या नेत्या नूशी दादगोस्तार आहेत. चिलीत जन्मलेल्या रोसाना दिनामार्का यांनीही संसद गाजवली. ही नावे अभिमानाची आहेत, पण चार नावांवरून लाखभर माणसांची सांपत्तिक स्थिती ठरत नाही.

वस्तीबद्दल थोडे. १९६५ ते १९७४ मध्ये ‘दहा लाख घरे’ या सरकारी गृहयोजनेत बांधलेल्या वसाहतींत दोन्ही समाज राहिले: स्टॉकहोमच्या उत्तरेला उप्लांड्स वेस्बी, दक्षिणेला बूतशिर्का, योतेबोरी (गोथेनबर्ग) शहरात हामारकुलेन. ‘एकत्र राहिले म्हणून मागे राहिले’ हे सरसकट विधान टिकत नाही. पेर-आंदेर्स एडिन, पेटर फ्रेडरिक्सन आणि ऊलोफ ओस्लुंड यांनी १९८५ नंतरच्या सरकारी वाटपाचाच उपयोग करून, म्हणजे माणसाने वस्ती स्वतः निवडलेली नसताना, हे तपासले. कमी शिकलेल्यांची कमाई स्वतःच्या देशबांधवांच्या दाट वस्तीत घटण्याऐवजी वाढलेली आढळली, आणि देशबांधव चांगले कमावणारे असतील तर फायदा आणखी मोठा.

वयस्कांसाठी तर साल म्हणजे थेट पैसा आहे. निर्वासित दर्जा मिळालेल्यांसाठीचे वेगळे नियम सोडले तर स्वीडनमध्ये किमान हमीचे निवृत्तिवेतन पूर्ण मिळण्यासाठी ४० वर्षांचे वास्तव्य लागते. कमी पडणाऱ्या प्रत्येक वर्षामागे चाळिसावा हिस्सा कापला जातो. असा दर्जा नसलेला, १९७५ मध्ये तिसाव्या वर्षी आलेला चिलियन पासष्टाव्या वर्षी ३५ वर्षे दाखवू शकतो. १९८७ मध्ये पस्तिसाव्या वर्षी आलेला तसाच इराणी ३०. कमाईवर आधारलेल्या भागासाठी पेन्शनपात्र कमाईच्या १८.५ टक्के जमा होतात. नव्वदच्या दशकात नोकरीविना, सामाजिक साहाय्यावर गेलेली वर्षे तिथे रिकामी असतात. २००३ पासून वृद्धांना किमान निर्वाहासाठी वेगळी मदत मिळते, पण ती गरज तपासून दिली जाते. म्हणजे सुशिक्षित इराणी वृद्ध आणि कारखान्यातून निवृत्त झालेला चिलियन यांच्यात म्हातारपणी चिलियनाची पेन्शन अधिक असणे अगदी शक्य आहे.

हेच दोन देश अमेरिकेत पाहिले तर चित्र पार पालटते. १९७९-८० च्या शैक्षणिक वर्षात तिथे इराणचे सुमारे ५१ हजार विद्यार्थी शिकत होते, कोणत्याही परदेशापेक्षा जास्त. क्रांतीनंतर त्यांतले बरेच तिथेच राहिले आणि पैसेवाली कुटुंबे त्यांच्यापाशी आली. चिलियन तिथे मुळातच थोडे. २०१० च्या जनगणनेत १ लाख २७ हजारांच्या आसपास. शिवाय चिलियनांना हिस्पॅनिक मुळाचा रकाना आधीपासून होता, इराण्यांना मात्र ‘श्वेत’ मध्ये घालून वर स्वतःहून नाव लिहायला सांगितले जाई. मध्यपूर्व व उत्तर आफ्रिका असा वेगळा रकाना ठेवण्याचा निर्णय मार्च २०२४ मधला आहे. अमेरिकी जनगणना खात्याच्या वार्षिक पाहणीच्या खुल्या नमुन्यात साधारण शंभरात एक माणूस येतो, म्हणजे चिलियन जेमतेम हजार-दीड हजार. त्यांतून एखाद्या राज्यातल्या चिलियन स्त्रियांचे उत्पन्न काढू गेलात तर हाती पाच-पंचवीस नोंदी लागतात. तिथे ५ वर्षांची एकत्रित फाइलच घ्यावी. आणि स्वीडनचा इराणी आकडा अमेरिकेच्या चिलियन आकड्याशेजारी कधीही ठेवू नये.

आपल्या दैनिकाला विनंती अशी, की असा तक्ता छापताना त्याखाली एक टीप द्यावी: आगमनाची वर्षे कोणती, वय किती ते किती, उत्पन्न माणशी की उपभोग एककावर, दत्तक आणि दुसऱ्या देशाचे नागरिक वगळले की नाही, आणि पहिली पिढी की दुसरी. जागा दोन ओळींची लागेल. मालमत्तेचा तक्ता मात्र कोणी पाठवला तर छापण्याआधी त्याचे वर्ष पाहावे. स्वीडनने २००७ मध्ये संपत्ती कर रद्द केला आणि त्याबरोबर व्यक्तिनिहाय संपत्तीची नोंदवहीही बंद झाली. त्यानंतरच्या वर्षाचा ‘इराण्यांची संपत्ती विरुद्ध चिलियनांची संपत्ती’ असा आकडा त्या नोंदवहीतून आलेला असूच शकत नाही. तो कुठून आला, हे पाठवणाऱ्याला विचारावे.

आपले,
स्थलांतराच्या आकडेवारीचे काही अभ्यासक